शेगडीतला कोळसा

पवनेच्या काठी तंबू ठोकला की आमची कोळशाची शेगडी पेटते. रात्री झणझणीत रस्सा, निखाऱ्यावरची वांगी, सकाळी कांदेपोहे. मजा येते, खोटं कशाला बोलू!

पण हा कोळसा येतो कुठून? दुकानदारालाही माहीत नाही. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर जातात. पोरांची शाळा सुटते ती सुटतेच. हिशेब मालकाच्या वहीत, उचल काही फिटत नाही. आणि वेठबिगारी म्हणे १९७६ च्या कायद्याने संपली!

शेगडी फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण पिशवीवर भट्टीचं नाव-गाव छापायची सक्ती सरकारने करावी. तोवर दुकानात आपण विचारत तरी राहू. पटतंय का?