एका रकान्याचे सत्य

डिसेंबरात लग्न करून अमेरिकेत परतलेला मराठी तरुण कधीकधी जुन्या सवयीने प्राप्तिकर विवरणपत्रात ‘अविवाहित’ या रकान्यावर खूण करतो. तेथील कायदा मात्र ३१ डिसेंबरची वैवाहिक स्थिती संपूर्ण वर्षासाठी ग्राह्य धरतो. पत्नी भारतात असली तरी पती अविवाहित ठरत नाही. ही चूक ‘१०४०-एक्स’ या अर्जाने दुरुस्त करता येते. विवाहितांचे स्वतंत्र विवरणपत्र मूळ मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत संयुक्त करता येते. मुदत उलटल्यावर संयुक्ताचे स्वतंत्र मात्र सहसा होत नाही. म्हणून निवड विचारपूर्वक करावी. कर वाढेल की घटेल, हा प्रश्न दुय्यम आहे. अग्निसाक्षीने स्वीकारलेले नाते सरकारी कागदावर नाकारले जाऊ नये. नोटिशीची वाट न पाहता केलेली दुरुस्ती हीच खरी सचोटी होय!