विश्लेषण : पोर्ट क्रमांकांचे तीन गट कोणते? गटावरून धोका कळतो का?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक सॉफ्टवेअरने जगभरातील संगणक बंद पाडले. मर्स्क या जहाज कंपनीला फटका बसला आणि तिच्या समूहाचे जेएनपीटीतील टर्मिनल विस्कळीत झाले. चाकणच्या कारखान्यांतील माल याच बंदरातून परदेशी जातो. म्हणजे संगणकातील ‘पोर्ट’ने खरेखुरे पोर्ट अडवले! कारण संगणकातून संगणकात शिरण्यासाठी नॉटपेट्याने वापरलेला एक प्रमुख मार्ग होता पोर्ट ४४५.

पोर्ट क्रमांक म्हणजे काय?

आयपी पत्ता हा ताथवड्यातील एखाद्या सोसायटीचा पत्ता मानला, तर पोर्ट म्हणजे फ्लॅट क्रमांक. आलेली माहिती संगणकातील कोणत्या सेवेकडे द्यायची, हे त्यावरून ठरते. क्रमांकासाठी १६ बिट राखलेले असल्याने तो ० ते ६५,५३५ यांदरम्यानच असतो.

गट कसे पडतात?

० ते १०२३ हे सर्वपरिचित पोर्ट. वेबसाठी ८० व ४४३, विंडोजच्या फाइल शेअरिंगसाठी ४४५. १०२४ ते ४९,१५१ हे नोंदणीकृत. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ यातलाच. या दोन्ही गटांची नोंद ‘आयएएनए’ ही संस्था ठेवते. ४९,१५२ पासून पुढचे कोणाच्याही नावावर नसतात. ब्राउझरसारखी सॉफ्टवेअर ते तात्पुरते वापरून सोडून देतात. अर्थात या सीमा काटेकोर नाहीत. लिनक्स तात्पुरत्या कामासाठी सहसा ३२,७६८ पासूनच क्रमांक उचलते.

मग पहिला गट सुरक्षित का?

मुळीच नाही. गट म्हणजे केवळ वाटपाची नोंद. तिथे पहारेकरी नसतो. ४४५ पहिल्याच गटातला. त्यामागच्या सेवेतील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती. तरी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ आणि जूनमध्ये नॉटपेट्या त्याच वाटेने आले. नॉटपेट्याने तर चोरलेल्या पासवर्डच्या आधारे दुरुस्ती केलेले संगणकही गाठले.

कारखान्यांसाठी ५०२ हा क्रमांक अधिक चिंतेचा. यंत्रांच्या नियंत्रकांशी बोलणारा ‘मॉडबस’ तो वापरतो आणि मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही. कार्यालयाच्या नेटवर्कमधून ५०२ पर्यंत पोहोचता येत असेल, तर तिथला एक बाधित लॅपटॉपही यंत्राला आज्ञा देऊ शकतो.

क्रमांक बदलून भागेल?

अनेक ठिकाणी ३३८९ ऐवजी वरचा एखादा क्रमांक दिला जातो. त्याने फारसे काही साधत नाही, कारण स्कॅनर सर्व ६५,५३५ क्रमांक तपासू शकतो. ४४५ कार्यालयात सरसकट बंद केला, तर फाइल शेअरिंग थांबते. तो इंटरनेटच्या बाजूने मात्र बंदच हवा, आणि ५०२ केवळ ठरावीक संगणकांनाच खुला.