अकरावीचे सोडलेले गणित
जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पेढी असलेल्या घरांत मुले वाणिज्य शाखेकडेच जाणार, हे बहुधा ठरलेले असते. अकरावीला गणित घ्यावे की एस. पी., हा प्रश्न मात्र पाच मिनिटांत निकाली निघतो. ‘हिशेब काय, दुकानात शिकेलच!’ असे म्हणून गणित सोडले जाते. त्याची किंमत पदवीनंतर कळते.

वाणिज्य पदवीधरासही आता एम.सी.ए. करता येते; 2020 पासून तो अभ्यासक्रम तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. परंतु राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणित व संख्याशास्त्र असते. बारावीच्या वाणिज्य गणितातील तर्कशास्त्र, आव्यूह, संभाव्यता हीच संगणकशास्त्राची पायाभरणी होय. रोजमेळाच्या बेरजांशी तिचा संबंध थोडाच.

पुण्यास जाण्याचीही सक्ती नाही. जळगावात 1990 मध्ये स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात संगणकशास्त्राची प्रशाळा आहे. जळगावच्या मुलीला घरी राहून, चोविहार सांभाळून शिकता येते. ही सोय लहान नव्हे.

गणित सुटलेल्यांनी बी.कॉम.च्या अखेरच्या वर्षी अकरावी-बारावीची पुस्तके पुन्हा उघडावीत. धाकट्या भावंडांची ती पुष्कळदा घरातच असतात.