भरून किती, रिकामं किती

आईला फोनवर सांगितलं की आम्ही मोटरहोम घेतोय. मागे पलंग, मध्ये ओटा, एका अंगाला संडास-न्हाणीघर, आणि हे सगळं एका डिझेल गाडीत. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजे टेम्पोत ऱ्हायला जाणार व्हय रं?"

हसू आलं, पण आईचं काही चुकलं नव्हतं. टेम्पो हे नाव मुळात जर्मनच. हांबुर्गमधल्या एका कारखान्याच्या तीनचाकीचं ते नाव. १९५८ साली निघालेल्या बजाज टेम्पोनं ती गाडी आपल्याकडे आणली आणि मराठीत सगळ्याच छोट्या मालगाड्या टेम्पो झाल्या. मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथे ज्याला लोक कॅम्पर म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात फियाट डुकाटो नावाची मालवाहू व्हॅन असते. ती इटलीत आतेसाच्या कारखान्यात बनते. कॅम्परवाले रिकामी व्हॅन विकत घेतात आणि आत संसार बसवून देतात. म्हणजे टेम्पोच.

बायकोला मात्र त्या गाडीत माहेर दिसलं. इंजिनाचं नाव मल्टीजेट. पुण्यात तिच्या बाबांच्या इंडिका व्हिस्टातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं मल्टीजेटच होतं, टाटांनी त्याला क्वाड्राजेट म्हटलं एवढंच, आणि ते रांजणगावच्या कारखान्यात बनायचं. डुकाटोतलं २.२ लिटरचं आहे, पण घराण्याला घराणं जुळलं आणि गाडी निम्मी पसंत झाली.

लांबी ठरवायला फार वेळ लागला नाही. डुकाटोच्या कॅम्परच्या चालू लांब्या तीन: ५.४१, ५.९९ आणि ६.३६ मीटर. सगळ्यात लांब गाडीत मागे दोन पलंग उभे बसतात, पण आमच्या गल्लीत ती वळली नसती. मधलीत पलंग आडवा. डुकाटो २.०५ मीटर रुंद असल्यामुळे माझ्या उंचीचा माणूस त्यावर आडवा मावतो, बायकोला ओलांडून रात्री उठावं लागतं एवढंच. ५.९९ हा आकडाही उगाच आलेला नाही. बोटीवर गाडी चढवताना बऱ्याच ठिकाणी सहा मीटरच्या पुढे दर चढतो.

खरी गंमत ज्यादा सोयींच्या यादीपाशी सुरू झाली. विक्रेता तरुण होता, गोड बोलायचा. उघडणारं छप्पर घ्या, मुलं वर झोपतील. बाजूला गुंडाळती ताडपत्री, ती तर सगळेच घेतात. छपरावर एसी, सोलर, दुसरी बॅटरी, टीव्हीची डिश, मागे सायकलींचा स्टँड, ट्रेलर ओढायचा हूक, ऑटोमॅटिक गिअर. प्रत्येक ओळीपुढे युरो. मी युरोंची बेरीज करत होतो आणि वाईट वाटून घेत होतो. घरी येऊन यादी पुन्हा उघडली तेव्हा दिसलं की पुढे आणखी एक बारीक छापलेला रकाना आहे. किलोंचा. त्याबद्दल हा बाबा एक शब्द बोलला नव्हता.

मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसवाल्याचा मुलगा. अण्णांबरोबर कारखान्याच्या काट्यावर रात्र-रात्र काढलेली. भरलेली गाडी काट्यावर जायची, माल खाली करून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, आणि दोन्हींतला फरक म्हणजे वर्षाचं उत्पन्न. काट्यावरून उतरलेल्या प्रत्येक माणसाला अण्णांचा एकच प्रश्न असायचा, "भरून किती, रिकामं किती?" काटा मारला की नाही यावर पुढे आठवडाभर पारावर चर्चा. तर अशा घरातला मी, आणि किलोंचा रकाना बघायचा विसरलो.

जर्मनीत आपलं भारतीय लायसन्स सहा महिन्यांपुरतं चालतं, मग लेखी आणि गाडीवरची परीक्षा नव्याने द्यावी लागते. मी दिली. माझ्या हातातल्या बी वर्गाच्या लायसन्सवर ३५०० किलोंपर्यंतची गाडी चालवता येते. हे वजन भरलेल्या गाडीचं. ही मर्यादा सैल करायचं युरोपीय संघानं ठरवलंय, पण ते आमच्या हाताशी यायला अजून काळ जाईल. ३५०० च्या पुढची गाडी घेतली की वेगळं लायसन्स, ऑस्ट्रियात टोलचा डबा, ऑटोबानवर शंभराचा वेग. आणि ३५०० ची घेऊन जास्त भरली, तर आल्प्सच्या वाटेवर पोलीस काट्यावर घालतात. वजन उतरवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. काय उतरवायचं ते तुम्ही ठरवा: सायकल, पाणी की मेहुणा.

तर हिशेब असा. आम्ही निवडलेल्या गाडीचं कागदावरचं तयार वजन २८७० किलो. त्यात नव्वद टक्के डिझेल, गॅसचा सिलिंडर आणि ७५ किलोंचा चालक धरलेला. उरले ६३०. बाकी तीन माणसं प्रत्येकी ७५ किलोंची, म्हणजे २२५. उरले ४०५. विक्रेत्याच्या यादीत उघडणारं छप्पर ११०, ताडपत्री २८, हूक ३०, एसी ३०, सोलर १०, दुसरी बॅटरी २८, डिश-टीव्ही १८, ऑटोमॅटिक २०, सायकलींचा रिकामा स्टँड १२. झाले २८६. उरले ११९.

११९ किलोंत चार माणसांचे कपडे, अंथरूण, भांडी, शिधा, खुर्च्या. कायद्याला तरीही काही खटकत नाही. युरोपचा नियम सांगतो की मोटरहोममध्ये माणसांची संख्या अधिक मीटरमधली लांबी, गुणिले दहा, एवढे किलो सामानासाठी मोकळे असले की पुरे. चार अधिक सहा, दहा. दहा दाहे शंभर. आमच्या घरून कोणी विमानानं निघालं तर दोघांचं सामान एवढं होतं, त्यात लोणच्याची बरणी वेगळी.

पुढचं तर ऐकाच. टाकी शंभर लिटरची, पण तयार वजनात पाणी धरलेलं वीसच लिटर. टाकी भरली की ८० किलो आणखी. उरले ३९. त्यावर कारखान्याला कागदावरच्या वजनात पाच टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. २८७० चे पाच टक्के म्हणजे १४३ किलो. म्हणजे माझा स्वयंपाकघराचा डबा भरायच्या आधीच गाडी ओव्हरलोड असू शकते आणि कोणी कायदा मोडलेला नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, हा काटा मारायचा परवाना आहे.

बायकोनं यादीतला ७५ चा आकडा बघून भुवया उंचावल्या. "मी पंच्याहत्तर?" मग तिनंच कागद घेतला. धाकटी २३ किलोंची, म्हणजे ५२ किलो नफा. थोरला ३८, म्हणजे ३७ नफा. तिचा स्वतःचा नफा १४. माझं वजन ८८, म्हणजे १३ तोटा. तो आकडा तिनं दोनदा गिरवला.

वजनाचं हे वेड इथे जुनं आहे. बाड वाल्डझे नावाच्या गावात कॅम्परांचं संग्रहालय आहे, तिथे मुलांना घेऊन गेलो होतो. ज्याच्या नावानं ते आहे त्या एर्विन हायमरनं १९५७ साली एरिश बाखेमबरोबर आपला पहिला कॅरॅव्हॅन बांधला. त्यांच्या कॅरॅव्हॅनांचं एरिबा हे नाव म्हणजे या बाखेमच्याच नावाची पहिली अक्षरं. हा गृहस्थ मुळात विमानांचा अभियंता, युद्धाच्या शेवटी सरळ आकाशात उभं उडणारं रॉकेट-विमान त्यानं बनवलं होतं. १ मार्च १९४५ ला ते माणसासह उडालं आणि वैमानिक त्यात गेला. त्याच माणसानं बारा वर्षांनी बायकामुलांच्या सहलीसाठी हलकी खोली बनवली. विमानवाल्याला ग्रॅमची किंमत कळते. कळण्यापर्यंतची वाट मात्र फार भयंकर.

हीटरवर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. मागच्या हिवाळ्यात भाड्याची गाडी घेऊन ब्लॅक फॉरेस्टात गेलो होतो. बाहेर उणे सहा. त्या गाडीतला हीटर गॅसवर चालायचा. तिसऱ्या रात्री दोन वाजता ११ किलोंचा सिलिंडर संपला. सिलिंडर पाहुणे आल्यावरच संपतो हे आपल्याकडचं शास्त्र. इथे पाहुणे आम्हीच. डोक्याला टॉर्च बांधून, बर्फात गुडघ्यावर बसून, उलट्या आट्यांचा नट फिरवत मी जे काही पुटपुटलो ते छापण्यासारखं नाही. शिवाय हा सिलिंडर जर्मनीबाहेर सहसा बदलून मिळत नाही. देश बदलला की बऱ्याचदा सिलिंडर वेगळा, तोंड वेगळं. डिझेलवरचा हीटर गाडीच्याच टाकीतून पितो, ते पंपापंपावर मिळतं. बायकोचं म्हणणं, त्याचा पंप रात्रभर टिक-टिक करतो. करतोच. मी म्हटलं, तुझ्या आजोळच्या भिंतीवरचं घड्याळ समज. तो घेतला. गॅस आता फक्त शेगडीपुरता, ५ किलोंचा छोटा सिलिंडर, त्यामुळे दहाएक किलो वाचले.

वजन कमी करणारी सोय यादीत एकच सापडली: लिथियमची बॅटरी. शंभर अ‍ॅम्पियर-अवरची साधी २७ किलोंच्या आसपास, लिथियमची निम्म्याहून हलकी, आणि आतली वीजही जास्त वापरता येते. महाग आहे. पण किलोमागे युरो असा भाव काढला की बरी वाटते. दुसऱ्या बॅटरीची गरजच संपली.

छप्पर ठेवलं, नाहीतर मुलांनी झोपायचं कुठे? ताडपत्री, सोलर, ऑटोमॅटिक, मुलांच्या सायकलींसाठी स्टँड. एसी नाही, डिश नाही, हूक नाही. हूक भाड्याच्या गाडीला होता. डुकाटो पुढच्या चाकांवर ओढते आणि मागे वजन लोंबलं की ओल्या गवतात पुढची चाकं नुसती फिरतात. आम्ही शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरनं बाहेर आलो. दोर पुढून बांधला होता, हुकाचा उपयोग शून्य.

गाडी ताब्यात आली त्याच दिवशी शेजारच्या गावातल्या शेतकरी संस्थेच्या काट्यावर रिकामी नेली. संस्थेवर रायफायझेनचं नाव आहे. खेड्यातल्या सहकारी पतसंस्थांचा हा मूळपुरुष. सहकाराच्या जिल्ह्यातला माणूस शेवटी सहकाराच्याच काट्यावर आला. पुढे बीट भरलेला ट्रॅक्टर, मागे मी. हिशेबापेक्षा साठेक किलो जास्त भरली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, मुभेत आहे.

गेल्या शनिवारी पूर्ण भरून पुन्हा गेलो. पाणी काठोकाठ, चौघं आत, कुकर, पोळपाट, पाच किलो कणीक, दोन सायकली. खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी दिली. ३४४०.

संध्याकाळी आईनं फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "भरून किती?" सांगितलं.

"मग साठ किलो उरल्यात की. मी बावन्नाची हाय. जूनमध्ये येते."

गाडीत पट्टे चारच आहेत, हे तिला अजून सांगितलेलं नाही.