गर्भ कोठे रुजला, हे आधी पाहावे

धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्यासारख्या गावी व्यापारी घराचा दिवस दुकानाभोवती फिरतो. अशा घरातील सुनेला चातुर्मासातील उपवासात चक्कर आली, ओटीपोटात दुखू लागले, तर ‘अशक्तपणा आहे, पारणे झाले की बरे वाटेल’ असे सांगितले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पाळी चुकलेली असेल, तर हीच समजूत जिवावर बेतू शकते.

शंभरांतील एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर होतात. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत असतात. क्वचित गर्भ बीजकोशात, उदरपोकळीत, गर्भाशयमुखात अथवा जुन्या सिझेरियनच्या व्रणात रुजतो. हे प्रकार फसवे असतात. व्रणातील गर्भ सोनोग्राफीत गर्भाशयातलाच वाटू शकतो. गर्भपात होत आहे असे समजून पिशवी साफ केली, तर भयंकर रक्तस्राव होतो. नलिका गर्भाशयाच्या भिंतीतून जाते तेथील गर्भ काही काळ त्रास न देता वाढतो आणि अकस्मात फुटतो.

म्हणून पाळी चुकताच तपासणी करावी. पूर्वीचे सिझेरियन, नसबंदी, नलिकेची शस्त्रक्रिया किंवा टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार डॉक्टरांना आवर्जून सांगावेत. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने गर्भाची जागा अधिक स्पष्ट दिसते. चाचणी होकारार्थी असून पिशवी रिकामी दिसली, तर ‘गर्भ लहान असेल’ म्हणून थांबू नये. 48 तासांच्या अंतराने रक्तातील बीटा एचसीजी तपासून सोनोग्राफी पुन्हा करावी लागते. कायद्याने लिंगनिदानास बंदी आहे, या तपासणीस नव्हे.

‘उपचार म्हणजे गर्भाची हिंसा नव्हे काय?’ हा प्रश्न श्रद्धाळू घरात उठतो. नलिकेतील गर्भ गर्भाशयात हलविण्याचा उपाय वैद्यकाजवळ नाही. नलिका फुटली, तर गर्भ तर जातोच, माताही जाऊ शकते. वेळीच निदान झाले, तर काहींना औषधाने बरे करता येते. उशिरा झाले, तर तातडीची शस्त्रक्रिया आणि रक्ताच्या बाटल्या लागतात. येथे मातेचे प्राण राखणे हीच जीवदया. पच्चक्खाणातही समाधीसाठी आगार ठेवलेलाच आहे.

पाळी चुकलेल्या स्त्रीला घेरी आली, पोटात तीव्र कळ उठली किंवा खांद्यात दुखू लागले, तर दुकान बंद होण्याची वाट पाहू नये. तडक बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. पारणे नंतरही करता येते.