कंपनी बुडतेय म्हणे! मग घरातल्या टीव्हीच्या वॉरंटीचं काय?

समजा, नांदेड किंवा लातूरमधल्या तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘अमुक कंपनी बुडतेय.’ तुमची वॉरंटी गेली का?

मराठवाड्याने हे व्हिडिओकॉनच्या बाबतीत पाहिलंय. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावात कारखाना असलेली ही कंपनी जून २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

अशा प्रक्रियेत कंपनीविरुद्धचे खटले थांबतात, ग्राहक आयोगातली तक्रारसुद्धा. ग्राहकालाही इतर देणेकऱ्यांसारखा दावा नोंदवावा लागतो. पण हाती किती लागणार? व्हिडिओकॉनच्या १३ कंपन्यांवर सुमारे ६४,८०० कोटींचे दावे मान्य झाले होते; २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली होती २,९६२ कोटींची.

म्हणून बिल जपा, बिघाड आजच लेखी कळवा. अफवेची खातरजमा आयबीबीआयच्या वेबसाइटवरच्या जाहीर सूचनांत करा. ग्राहक हेल्पलाइन: १९१५.