आळस नव्हे, ऋतूचा विषाद

'अंगात आळस भिनला आहे' असा शेरा मारणे सोपे. त्याचे कारण शोधणे कठीण. कुवेतच्या उन्हाळी सुट्टीत घरात कोंडलेल्या कित्येक मुलांना व मोठ्यांनाही हा शेरा नित्य ऐकावा लागतो.

ऋतूबरोबर येणाऱ्या विषादाचे शास्त्रीय वर्णन डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत केले. तो विषाद हिवाळ्याचा. त्यात झोप वाढते. १९८७ साली उन्हाळी विषादाचेही वर्णन झाले. त्यात उलट झोप उडते, अन्न नकोसे होते, जीव तळमळतो. आपणांस काळजी हवी ती याची. येथील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी पारा ५३.९ अंशांवर गेला होता. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी असते. याच महिन्यांत मॉरिशसला गारवा, कोकणात पाऊस. आपल्या वाट्याला मात्र बंद दारे.

ज्यांना एडीएचडी, म्हणजे अवधान टिकविण्याची जन्मजात अडचण असते, त्यांची स्थिती अधिक बिकट होते. त्यांची बुद्धी वा इच्छा उणी नसते. परंतु वेळेचे भान राखण्यास व कामास आरंभ करण्यास त्यांना बाहेरच्या चौकटीचा आधार लागतो. शाळेची घंटा हाच तो आधार, आणि सुट्टीत तोच सुटतो. शिवाय त्यांच्यापैकी पुष्कळांना मुळातच रात्री उशिरा झोप येते.

म्हणून सुट्टीतही उठण्याची वेळ एकच असावी. ऊन तापण्यापूर्वी समुद्रकाठी फेरी व्हावी. दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लावावे, कामाचे लहान तुकडे पाडावेत व जवळ कोणी सोबतीस बसावे. रात्री खोली गार व काळोखी असावी, मोबाइल बाहेर राहावा. हिवाळी विषादावरील प्रखर दिव्याचा उपाय येथे आपल्या मनाने करू नये. उदासी दोन आठवडे टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाली तर त्याच दिवशी. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

गिरमिटावर सागर ओलांडणाऱ्या पूर्वजांनी मुकाट्याने सोसले, म्हणून मुलांनीही सोसावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. पूर्वजांपुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढे आहे. आपल्या मंडळाने उन्हाळ्यात रोज सकाळी दोन तास अभ्यासिका चालविली, तरी अनेक घरांना ती हरवलेली घंटा परत मिळेल.